बालवाडीच्या बाई : शोध, शिक्षण आणि टिकाव

तीन वर्षांचें मूल पहिल्या दिवशीं बालवाडीच्या दाराशीं येतें, तेव्हां त्याच्या मुठींत आईचा पदर असतो. तो पदर सुटावा यासाठीं त्याला दुसऱ्या कोणाचा तरी हात धरावा लागतो. शाळेची इमारत, भिंतीवरचीं रंगीत चित्रें, पेटींतलीं खेळणीं, हें सारें त्याला मागाहून दिसूं लागतें. पहिल्यानें दिसतें तें समोर वाकलेल्या एका बाईंचें तोंड. त्या तोंडावर त्याला विश्वास वाटला तर शिक्षणाला प्रारंभ झाला. न वाटला तर उत्तमांत उत्तम साधनेंहि कपाटांत पडून राहतात.

म्हणून बालशिक्षणाचा विचार करतांना इमारती, साधनें आणि अभ्यासक्रम यांच्या आधीं तीन साधे प्रश्न विचारावे लागतात. या बाई आणावयाच्या कोठून? त्यांना शिकवावयाचें काय व कसें? आणि शिकून तयार झालेल्या बाई त्या कामावर टिकवावयाच्या कशा? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें महाराष्ट्रांत सुमारें ऐंशीं वर्षांपूर्वींच पुष्कळ अंशीं शोधलीं गेलीं. तिसऱ्याचें उत्तर मात्र अद्याप पुरतें सांपडलेलें नाहीं. आणि तें न सांपडल्यामुळें पहिल्या दोन उत्तरांचेंहि मोल कमी होत आहे.

लहान मुलें सांभाळणें हें काम घरोघर चालतें. त्यामुळें तें कोणालाहि येतें, त्याला वेगळें शिक्षण कशाला हवें, असा समज समाजांत फार जुना आहे. परंतु घरीं आई एकदोन मुलांना सांभाळते. बालवाडींत वीस-पंचवीस मुलें एकाच वेळीं पुढ्यांत असतात. एकाला रडूं येत असतें, दुसऱ्याला बाहेर जावयाचें असतें, तिसऱ्यानें चौथ्याच्या हातचा ठोकळा हिसकावून घेतलेला असतो, आणि पांचवें मूल कोपऱ्यांत गप्प बसलेलें असतें. अनुभवी बाईंची नजर प्रथम त्या पांचव्या मुलाकडे जाते. रडणारें मूल आपली अडचण स्वतःच सांगत असतें. गप्प बसलेल्याची अडचण ओळखून काढावी लागते. तें भुकेलें आहे, कीं अंगांत ताप आहे, कीं त्याला ऐकूं कमी येतें, कीं त्याच्या घरची बोली निराळी असल्यामुळें त्याला बाईंचें बोलणेंच समजत नाहीं, हें ताडणें हें शिक्षणानें आणि अनुभवानेंच येणारें काम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत असें म्हटलें आहे कीं मेंदूच्या एकंदर वाढीपैकीं ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आंत होते. ज्या वयांत चूक सर्वांत महाग पडते, त्या वयाचें मूल ज्या हातीं सोंपवावयाचें ते हात निवडून घेतले पाहिजेत, हें यावरून उघड होतें.

बाई कोठून आणावयाच्या, या प्रश्नाला जगांतील एका प्रसिद्ध प्रयोगानें दिलेलें उत्तर विचार करण्याजोगें आहे. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तींत डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं आपलें पहिलें बालगृह उघडलें. तेथें मुलांजवळ राहण्यासाठीं जी बाई नेमली गेली, ती शिक्षिका म्हणून तयार झालेली नव्हती. हुकूम सोडण्याची आणि शिक्षा करण्याची जुन्या शाळांची संवय तिला जडलेली नव्हती, हें माँटेसोरींना पुढें लाभाचेंच वाटलें. अशा बालगृहाच्या संचालिकेनें मुलांच्या आईबापांबरोबर त्याच इमारतींत बिऱ्हाड करून राहावें, असाहि त्यांचा आग्रह होता. आयांना तिच्याकडे केव्हांहि येतां यावें आणि तिच्या राहणीचा प्रभाव वस्तीवर पडावा, हा त्यांतील हेतु. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. त्या पहिल्या बाईंच्या पाठीशीं एक शास्त्रज्ञ डॉक्टर उभी होती. कामाकडे बारकाईनें पाहणारें आणि चुकल्यास वाट दाखविणारें कोणी नसेल, तर नुसत्या कोऱ्या पाटीचा उपयोग होत नाहीं.

भारतांत हें काम जेथें प्रथम पद्धतशीर रीतीनें उभें राहिलें तें ठिकाण म्हणजे भावनगर. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. दक्षिणामूर्ति संस्थेंत त्यांनीं १९२० सालीं बालमंदिर सुरू केलें आणि वकिलीपेक्षां तीन वर्षांच्या मुलांची संगत पत्करली. थोड्याच काळांत ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई १९१४ च्या पदवीधर. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्यपदावर त्या होत्या. ती प्रतिष्ठेची जागा सोडून त्या बालमंदिरांत मुलांबरोबर जमिनीवर बसूं लागल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालशिक्षणाचा प्रसार करावयाचा तर बालमंदिरांआधीं शिक्षक तयार केले पाहिजेत, हें गिजुभाई व ताराबाई या दोघांनीं सुरुवातीपासूनच ओळखलें होतें. म्हणूनच भावनगरला बालमंदिराच्या जोडीनें अध्यापन मंदिर चाललें.

या अध्यापन मंदिराच्या रीतींत दुसऱ्या प्रश्नाचें, म्हणजे काय व कसें शिकवावें याचें उत्तर आहे. तेथें शिकणाऱ्यासमोर पुस्तक होतें, तसेंच बालमंदिरहि होतें. मुलें काय करतात हें मध्यें न बोलतां पाहणें, पाहिलेलें टिपून ठेवणें, गोष्ट सांगून पाहणें, ती फसली तर कां फसली याचा विचार करणें, असा तो क्रम. लहान मुलांच्या शिक्षिकेला शिकावयाची पहिली गोष्ट म्हणजे आपले हात आवरणें. मूल स्वतः गुंडी लावीत असतां त्याला मदत करण्याचा मोह टाळणें हें दिसावयास क्षुल्लक, पण साधावयास अवघड असतें. असें कौशल्य व्याख्यानानें येत नाहीं. मुलांच्या शेजारीं बसूनच येतें. पुढें १९३९ सालीं माँटेसोरी स्वतः भारतांत आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथें त्यांनीं शिक्षकांचा वर्ग चालविला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून शेंकडों शिक्षक तेथें जमले, यावरून या विषयाची भूक त्या काळीं केवढी होती हें दिसून येतें.

परंतु शहरांतील बालमंदिरें आणि माँटेसोरीचीं महागडीं साधनें हीं खेड्यांतील मुलांच्या आटोक्याबाहेरचीं होतीं. ही उणीव भरून काढण्यासाठीं ताराबाईंनीं १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केलें. डहाणू तालुका तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. याच वर्षीं पुण्यांत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ ताराबाईंच्या कामांत येऊन मिळाल्या. अनुताईंचें लग्न तेराव्या वर्षीं झालें होतें आणि अल्पावधींतच त्यांना वैधव्य आलें होतें. त्या काळच्या रीतीप्रमाणें त्यांचें आयुष्य घराच्या एका कोपऱ्यांत संपावयाचें. तें तसें न संपतां शेंकडों मुलांच्या अंगणांत गेलें.

बोर्डीला एक गोष्ट लौकरच ध्यानांत आली. शाळा उघडली म्हणून गरिबांचीं मुलें येत नाहींत. आईबाप पहांटे कामाला जातात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते. आंघोळ नाहीं, अंगांत सदरा नाहीं. तेव्हां मुलें शाळेंत येत नसतील तर शाळेनें मुलांच्या अंगणांत जावें, असें ठरलें. या अंगणांतल्या शाळेला अंगणवाडी हें नांव मिळालें. शिंपले, खडे, पानें, फुलें, बिया, माती हींच साधनें झालीं. शंभर रुपयांच्या ठोकळ्यांनीं जें मोजणें शिकवावयाचें, तें चिंचोक्यांनींहि शिकवितां येतें. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली व इतर आदिवासींच्या वस्तींत गेलें आणि तेथें त्याला पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदविणाऱ्या विकासवाडीचें रूप आलें. गुरें राखावयास जाणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली, ती याच विचारांतून.

या सर्व खटाटोपांत शिक्षिका कशी असावी याचें एक चित्र सिद्ध झालें. ती शक्यतों त्याच गांवची असावी. तिला मुलांची बोली यावी. मुलांचें नाक पुसण्यांत व नखें कापण्यांत तिला कमीपणा वाटूं नये. आणि हातीं येईल त्या वस्तूंतून तिला खेळ काढतां यावा. बाहेरून आलेली पदवीधर बाई हें सारें करूं शकली तर उत्तमच. पण गांवांतील सातवी शिकलेली सून जर पाहण्यास आणि ऐकण्यास तयार असेल, तर तिलाहि उत्तम शिक्षिका बनवितां येतें. अट एकच. तिच्या मागें शिकविणारें, भेटीला येणारें आणि चुका समजावून देणारें माणूस हवें.

भारत सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली, तेव्हां तिच्या केंद्राला अंगणवाडी हेंच नांव दिलें. प्रारंभीं ३३ प्रकल्पांपुरती असलेली ही योजना आज सुमारें १४ लक्ष अंगणवाड्यांपर्यंत पोंचली आहे. त्यांपैकीं एक लक्षाहून अधिक महाराष्ट्रांत आहेत. प्रत्येक अंगणवाडींत एक सेविका व तिच्या हाताखालीं एक मदतनीस, अशी मूळ रचना. सेविका स्थानिक रहिवासी स्त्री असावी हा बोर्डीचा धडा नियमांत उतरला.

मात्र काम वाटतांना सरकारनें सेविकेच्या ओंजळींत फार टाकलें. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला योग्य ठिकाणीं पाठविणें आणि मातांना आहार-आरोग्याचें शिक्षण, अशा सहा सेवा तिच्या केंद्रांतून द्यावयाच्या. तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला वर्षांतून ३०० दिवस रोज ठरलेल्या प्रमाणांत कॅलरी व प्रथिनें मिळतील असा आहार द्यावयाचा. वजनें घ्यावयाचीं, उंची मोजावयाची, नोंदवह्या भरावयाच्या. गरोदर स्त्रियांच्या घरीं जावयाचें. शिवाय निरनिराळ्या सरकारी पाहण्यांना हात लावावयाचा. २०२१ पासून या नोंदी भ्रमणध्वनीवरील पोषण ट्रॅकरवर करावयाच्या ठरल्या. त्याच वर्षीं महाराष्ट्रांतील अनेक सेविकांनीं मिळालेले भ्रमणध्वनी कार्यालयांत परत नेऊन दिले. यंत्र नीट चालत नाहीं आणि नोंदींची भाषा समजत नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. हा हट्ट नव्हता. दिवसाचे तास मोजकेच असतात, आणि नोंदींत गेलेला प्रत्येक तास गोष्टींतून, गाण्यांतून आणि खेळांतून वजा होतो.

शिक्षणाच्या बाबतींतहि असेंच झालें. भावनगरच्या रीतीनें शिक्षिका घडावयास मुलांच्या सान्निध्यांत दीर्घ काळ जावा लागतो. अंगणवाडींत सेविकेची नेमणूक आधीं होते आणि तिचें शिक्षण मागाहून, थोड्या आठवड्यांचें. तेवढ्यांत आहार, लसी, नोंदी आणि शिक्षण हे सर्व विषय उरकावे लागतात. २०२० च्या धोरणानें ही उणीव मान्य केली. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र-वर्ग व त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा पदविका-वर्ग द्यावा, असें त्यांत सुचविलें आहे. हे वर्ग दूरशिक्षणानें, भ्रमणध्वनीचाहि उपयोग करून चालवावे आणि काम न सोडतां सेविकांना ते पुरे करतां यावे, अशी कल्पना आहे. तिच्यांत सोय मोठी आहे. परंतु पडद्यावर पाहून गाणें पाठ होईल. रडणाऱ्या मुलाशीं किती वेळ न बोलतां बसावें हें पडद्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं पर्यवेक्षिकेची भेट ही तपासणीची न राहतां शिकवणीची झाली पाहिजे. नोंदवही पाहून सही करून जाणारी पर्यवेक्षिका आणि तासभर मुलांत बसून मग सेविकेशीं बोलणारी पर्यवेक्षिका, यांच्या भेटींत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

आतां तिसरा आणि सर्वांत कठीण प्रश्न. तयार झालेली बाई टिकावी कशी?

ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. अनुताईंनीं तेंच काम १९९२ सालीं देह ठेवीपर्यंत चालविलें. पहिलीला पद्मभूषण आणि दुसरीला पद्मश्री देऊन राष्ट्रानें त्यांचा गौरव केला. त्या टिकल्या, कारण त्यांनीं स्वतःच्या संसारापेक्षां हें काम मोठें मानलें. परंतु येथेंच एक चूक घडली. दोन असामान्य स्त्रियांचा त्याग हा लक्षावधि सामान्य स्त्रियांच्या नोकरीचा नियम मानला गेला. अंगणवाडीच्या बाईंना सेविका हें नांव मिळालें. त्यांच्या मोबदल्याला वेतन न म्हणतां मानधन म्हटलें गेलें. शब्दांत मान मोठा आला, धन मात्र थोडें राहिलें.

आंकडेच पाहावे. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रानें सेविकेचें मानधन दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचें १,५०० वरून २,२५० रुपये केलें. राज्यें त्यांत आपली भर घालतात. महाराष्ट्रांत २०२३ च्या अर्थसंकल्पांत सेविकेचें एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनिसाचें ४,४२५ वरून ५,५०० रुपये करण्याचें जाहीर झालें. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यांतील सेविका व मदतनीस संपावर गेल्या आणि तो संप ५० दिवसांहून अधिक चालला. योग्य वेतन, निवृत्तिवेतन आणि उपदान या त्यांच्या मागण्यांत नवीन असें कांहीं नव्हतें. पुढें २०२४ मध्यें मानधनांत आणखी वाढ झाली. पण ते पन्नास दिवस मुलांच्या वयाच्या मापानें मोजले पाहिजेत. तीन वर्षांच्या मुलाचे पन्नास दिवस म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा सुमारें विसावा भाग होय. बाईंना न्यायासाठीं मुलांपासून दूर जावें लागावें, ही स्थिति त्या बाईंना सुखाची नव्हती आणि मुलांना तर नव्हतीच.

न्यायालयांनाहि या प्रश्नाला उत्तर द्यावें लागलें. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला होता कीं अंगणवाडी सेविका या सरकारी पदावरील नोकर नव्हेत. २५ एप्रिल २०२२ रोजीं, गुजरातेंतील सेविकांच्या दाव्यांत, त्याच न्यायालयानें सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असें ठरविलें. मानधन म्हणून जें दिलें जातें तें कायद्याच्या दृष्टीनें वेतनच होय, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. एका शब्दाच्या आड दडलेली गोष्ट त्यानें उघड केली.

खासगी बालवाड्या आणि पाळणाघरें यांतील स्त्रियांची स्थिति याहून निराळी नाहीं. २०१७ च्या दुरुस्तीनें प्रसूति-लाभ कायद्यांत ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचें बंधन आलें. पाळणाघर कोठें असावें आणि आईनें दिवसांतून किती वेळां तेथें जावें, याचा विचार त्यांत झाला. पण पाळणाघरांत दिवसभर मुलें सांभाळणाऱ्या बाईंचें शिक्षण आणि वेतन यांचा विचार त्यांत नव्हता. आईला कामावर टिकविण्यासाठीं ज्या दुसऱ्या स्त्रीची गरज, ती स्वतः कामावर टिकेल कीं नाहीं, हें पाहण्याचें राहून गेलें.

बाई सोडून गेली तर जातें काय? एक जागा रिकामी होते आणि ती भरतांहि येते. असें कागदावर दिसतें. परंतु जिच्या मांडीवर बसून मूल बोलूं लागलें, ती एकाएकीं दिसेनाशी झाली म्हणजे मुलाला तिचा राजीनामा समजत नाहीं. त्याला एवढेंच समजतें कीं आपलें माणूस गेलें. नव्या बाईंजवळ तें पुन्हां दाराशीं उभें राहतें, पुन्हां पदर धरतें. वर्षांतून दोनदां बाई बदलल्या तर तें हात धरावयाचेंच सोडून देतें. शिवाय जुन्या बाईंनीं जें अनुभवानें मिळविलेलें असतें, म्हणजे कोणतें मूल कशानें शांत होतें आणि कोणत्या घरीं कोणतें दुःख आहे, तें कोणत्याहि नोंदवहींत लिहिलेलें नसतें.

बाईंना टिकविणाऱ्या गोष्टी फार गूढ नाहींत. पोट भरेल असें व वेळेवर मिळणारें वेतन ही पहिली. आज मुलाचें वय जसजसें वाढतें तसतसा त्याच्या शिक्षकाचा पगार वाढतो. त्यामुळें बालवाडींत तयार झालेली हुशार बाई संधि मिळतांच प्राथमिक शाळेकडे वळते, आणि तिला दोष देतां येत नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे पुढें जाण्याची वाट. मदतनिसाला सेविका आणि सेविकेला पर्यवेक्षिका होतां आलें, तर कामांत जीव राहतो. तिसरी सोबत. महिन्यांतून एक दिवस आसपासच्या बाई एकत्र बसून आपापल्या अडचणी सांगूं लागल्या, तर एकटेपणा सरतो आणि शिक्षणहि चालू राहतें. चौथी गोष्ट म्हणजे मुलांसाठीं मोकळा ठेवलेला वेळ, ज्याला कोणत्याहि पाहणीनें व नोंदीनें हात लावूं नये. मान हा या चारींच्या नंतर यावा. या चारींच्या जागीं दिलेला मान फार दिवस पुरत नाहीं.

बोर्डीच्या अंगणांतील प्रयोगानें एवढें सिद्ध केलें कीं बाई गांवांतच मिळतात आणि मुलांच्या शेजारीं बसून घडतात. त्या टिकाव्या कशा, याचें उत्तर मात्र त्या अंगणाला एकट्यानें देतां येण्याजोगें नव्हतें. तें देण्याची जबाबदारी समाजाची आणि सरकारची आहे. सकाळीं दाराशीं आलेल्या मुलानें आईचा पदर सोडून जो हात धरला, तो हात उद्यां आणि परवांहि त्याच दाराशीं असेल, एवढी खात्री त्याला देतां आली, म्हणजे बालशिक्षणाचें अर्धें काम झालें.